मार्बलवर लिंबू

"लिंबू आणि व्हिनेगर, दोन्ही निम्मं निम्मं," चारुशीला मॅडम म्हणाल्या. "पाणी अजिबात घालायचं नाही. सगळ्या हॉलभर ओतायचं आणि तासभर तसंच ठेवायचं. मग बघ फरशी कशी निघते."

मी खाली बघितलं. पांढरंशुभ्र मार्बल होतं. खास राजस्थानातून ट्रकनं मागवलंय, हे त्यांनी मला दारातच सांगून टाकलं होतं. त्यात छताचा पंखा दिसत होता, खिडकीचे पडदे दिसत होते, आणि हातात बादली घेतलेली मीही दिसत होते.

"मार्बलला लिंबू?" मी विचारलं.

"मग काय अ‍ॅसिड टाकू? अगं, तुमच्याकडे सगळं नैसर्गिक असतं म्हणून तर तुम्हाला बोलावलं. लिंबू माणूस पोटात घेतो. पोटाला चालतं ते दगडाला चालणार नाही?"

माझ्यामागे मालन उभी होती. तिनं हळूच माझ्या पाठीला कोपर लावलं. आमच्या कामात नव्या बाईला पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट हीच: संगमरवर दिसला की लिंबू, व्हिनेगर, चिंच, आंबट म्हणून जे काही असेल ते पिशवीतून बाहेर काढायचं नाही. आंबट त्या दगडाला खातं. वरची चकाकी जाते, आणि ती काही पुसून परत येत नाही. मार्बलला रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ फडकं, बास. मालनला हे मीच शिकवलं होतं.

मी मालनकडे वळले नाही. पिशवीतून कामाचा कागद काढला.

"मॅडम, काही खास सूचना असेल तर इथं तुमच्या हातानं लिहा. खाली सही."

"बाई बाई, केवढी ही कागदपत्रं," त्या हसत म्हणाल्या. पण लिहिलं. अक्षर मोत्यासारखं. 'हॉलच्या फरशीवर लिंबू व व्हिनेगर, पाणी न घालता, एक तास.' खाली लफ्फेदार सही, आणि तारीख. मी कागदाची चौघडी करून पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. तेव्हा माझं 'रिठा घरसफाई' सांगलीत नुकतं नाव कमवायला लागलं होतं. मी, मालन आणि आणखी दोघी. रसवंतीवाल्यांकडून पिळलेल्या लिंबांची सालं गोळा करायची, गूळ आणि पाणी घालून तीन महिने डब्यात मुरवायची, रोज सकाळी झाकण सैल करून आतली हवा सोडायची, नाहीतर डबा फुटतो आणि सासूबाई ओरडतात. त्या पाण्यानं ओटे, बेसिन, संडास, नळाचे डाग सगळं निघतं आणि पुसणाऱ्या बाईच्या हाताची सालं जात नाहीत. लोक विचारायचे, "सुगंधाताई, ही कल्पना कशी सुचली हो?" मी म्हणायची, टीव्हीवर बघितलं. खरं कारण आमच्या माहेरच्या घरात खाटेवर बसलेलं असायचं.

माझी आई हौसा याच बंगल्यात चार वर्षं कामाला होती.

तेव्हा हॉलमध्ये मार्बल नव्हतं, साधी शहाबादी होती. मी चौदा वर्षांची होते. दसऱ्याच्या आधीची साफसफाई निघालेली, शाळेला सुट्टी, म्हणून आईनं मला खिडक्यांच्या काचा पुसायला सोबत नेलं होतं. मी वर्तमानपत्राचा बोळा ओला करून काच घासत होते आणि चारुशीलाबाई माझ्यापासून चार हातांवर उभ्या राहून आईला सांगत होत्या.

"हौसा, ही अ‍ॅसिडची बाटली आणि ही ब्लीचिंग पावडर. दोन्ही एकत्र कर. बाथरूमच्या टाइल्स दुधासारख्या निघाल्या पाहिजेत."

"दोन्ही एकदम, वैनी?" आई म्हणाली.

"मी सांगते ना? आणि दार लावून घे. पाहुणे यायचेत, वास हॉलमध्ये यायला नको."

आईनं दार लावून घेतलं. पाचएक मिनिटांनी आतून खोकल्याचा आवाज आला, मग बादली पडल्याचा. मी दार ढकललं. आत पिवळट धूर होता आणि आई गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी स्वतःचा गळा चोळत होती.

संध्याकाळी चारुशीलाबाई दवाखान्यात आल्या, सोबत अर्धा डझन केळी. डॉक्टरांनी विचारलं, ही दोन रसायनं एकत्र कुणी करायला सांगितली? बाई म्हणाल्या, "मी असं कुठं सांगितलं? या बायकांना कळत नाही हो. जास्त पांढरं करायला जातात आणि असं करून बसतात." डॉक्टरांनी आईकडे बघितलं. कॉलनीतली पाचही घरं आईला या बाईंच्या शब्दावर मिळाली होती. नाकावर ऑक्सिजनचा मास्क असलेल्या आईनं मान हलवली, हो, माझीच चूक. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं ऐकलेलं होतं, शब्द न् शब्द. चारुशीलाबाईंनी एक केळं सोललं आणि माझ्या हातात दिलं. "खा बाळ, सकाळपासून उपाशी असशील."

मी ते केळं खाल्लं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. आजही कुणी सोललेलं केळं पुढं केलं की माझा हात मागं जातो, आणि राग आधी स्वतःचा येतो.

आईचा खोकला राहिला तो राहिलाच. दिवाळीच्या आत कॉलनीत झालं की हौसाला टीबी आहे. कुणी केलं ते सांगायला नको. पाचही घरं गेली. आई चौतीस वर्षांची होती. त्यानंतर तिनं बाहेरचं काम केलं नाही, दोन घागरी उचलल्या तरी तिला धाप लागायची. मी दहावीनंतर शाळा सोडली आणि धुणीभांडी धरली.

म्हणून सतरा वर्षांनी फोनवर 'आवटी बंगला' हे शब्द ऐकल्यावर मी मालनला म्हटलं, या कामाला मी स्वतः येणार. खरं सांगते, जाताना मनात चांगलं काही नव्हतं. पण काय करणार तेही ठरवलेलं नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की मला या बाईच्या तोंडून चार लोकांत एक वाक्य हवंय: मी सांगितलं होतं. पैसा नको, माफी नको. ते वाक्य निघाल्याशिवाय माझं पोट भरणार नव्हतं.

त्यांनी मला ओळखलं नाही. दोन वेण्यांची सुगी आणि ही सुगंधा खोत यांचा संबंध लावायला त्यांना कारणही नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी चारला त्यांच्या महिला मंडळाची बैठक होती, त्यांच्याच हॉलमध्ये. विषय 'विषमुक्त घर'. वक्त्या स्वतः चारुशीला आवटी. मोबाइलवर आलेले निरोप वाचून वाचून त्यांनी भाषण तयार केलं होतं आणि त्यातच कुठंतरी लिंबू आणि व्हिनेगर त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. त्यांनी ते स्वतः होऊन बोलून दाखवलं. आयतंच ताट वाढून पुढं आलं होतं.

त्या आंघोळीला वर गेल्या. आम्ही मागच्या अंगणात साठ लिंबं पिळली.

"ताई, हे आपण करायचं नाही," मालन दबक्या आवाजात म्हणाली. "फरशी जाईल."

"जाऊ दे."

"आपलं नाव जाईल. लोक म्हणतील रिठावाल्यांनी बंगला नासवला."

"म्हणू देत."

"त्या बाईनं तुझं काय घोडं मारलंय?"

मी तिला सांगितलं. तीनचार वाक्यांतच सांगितलं, जास्त बोलले असते तर रडू आलं असतं. मालननं हातातलं लिंबू पिळून संपवलं, साल टोपलीत टाकलं, आणि पातेलं उचलून आत गेली. देवघराच्या उंबऱ्यापासून तिनंच ओतायला सुरुवात केली.

फरशीवर बारीक बारीक बुडबुडे आले. दगड आणि आंबट भेटलं की असंच होतं. मी बघत उभी राहिले. मला तेव्हाही पुसता आलं असतं. पहिल्या मिनिटात भरपूर पाणी मारलं असतं तर निम्मी फरशी वाचली असती. मी घड्याळात तास लावला आणि स्वयंपाकघरातले डबे पुसायला गेले, रिठ्यानं, नीट, एकेक झाकण काढून. ते काम मी त्या दिवशी फार चांगलं केलं.

तासाभरानं, चारला दहा मिनिटं असताना, आम्ही सगळं ओल्या फडक्यानं टिपून घेतलं. ओली फरशी नेहमीच चकाकते. चारुशीला मॅडम जिन्यातून उतरताना थबकल्या.

"बघितलंस? उगीच शंका काढत होतीस."

"हो मॅडम," मी म्हटलं.

"तू थांब बैठकीला. तुमचीही ओळख करून देते. तुम्हाला चार कामं मिळतील."

मी थांबले. मालनला मात्र मी घरी पाठवलं.

चारला बायका आल्या. वीसबावीस जणी होत्या. निम्म्यांना मी ओळखत होते, त्यांच्या घरी माझ्या आईनं भांडी घासली होती. सोवनीकाकू पुढच्या रांगेत बसल्या, केस सगळे पांढरे झाले होते. मी दाराजवळ उभी. पंखे पूर्ण वेगानं सुरू होते.

भाषण छान चाललं होतं. आपल्या आजीच्या काळी कुठं होती रसायनं, आपण आपल्याच घरात विष आणतो, आपल्या मुलाबाळांच्या छातीत काय जातं याचा विचार करतो का आपण? बायका माना डोलावत होत्या. मी फरशी बघत होते. आधी पंख्यांच्या खालची जागा वाळली. तिथं मोठा फिकट डाग उमटला, वर राख भुरभुरल्यासारखा. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग ते एकमेकांना मिळाले. सोवनीकाकूंनी चप्पल बाहेर काढली होती. त्यांनी पायाचा अंगठा फरशीवरून फिरवला, परत फिरवला, आणि वाकून हात लावला.

"चारू," त्या म्हणाल्या, "ही फरशी अशी खरखरीत कशी गं?"

चारुशीलाबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी खाली बघितलं. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मार्बल आंधळं झालं होतं. पंखा दिसत नव्हता, पडदे दिसत नव्हते.

"हे काय केलंस?" त्या माझ्यावर आल्या. "काय केलंस हे माझ्या घराचं?"

"तुम्ही सांगितलं ते."

"मी असं कुठं सांगितलं?"

सतरा वर्षांनी तेच शब्द, तोच सूर. मी पर्सची चेन उघडली. कागद त्यांना दिला नाही, सोवनीकाकूंच्या हातात दिला. काकूंनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. "हॉलच्या फरशीवर लिंबू व व्हिनेगर, पाणी न घालता, एक तास." मग म्हणाल्या, "अक्षर तर तुझंच आहे, चारू."

"हो, माझंच आहे." चारुशीलाबाईंचा चेहरा लाल झाला होता. "मी सांगितलं होतं. मग? मी सांगितलं म्हणून ओतायचं? हिला कळत नाही? धंदा हिचा आहे की माझा?"

मिळालं. मला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. पण बोलले मी.

"हेच वाक्य तुम्ही दवाखान्यात बोलला असता तर फरशी वाचली असती."

"कसला दवाखाना?"

"मी हौसाची मुलगी. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कर, दार लावून घे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी त्या खिडकीच्या काचा पुसत होते. माझ्या आईनंही तुम्हाला एकदाच विचारलं होतं, दोन्ही एकदम का म्हणून. तुम्ही म्हणालात, मी सांगते ना. तिनं ऐकलं. आज मी ऐकलं."

मग सोवनीकाकू म्हणाल्या, "कोण हौसा? ती टीबीवाली?"

"टीबी नव्हता, काकू. धुरानं छाती गेली तिची. टीबी यांनी सांगितला."

काकू चारुशीलाबाईंकडे वळल्या. "तू माझ्या ओट्यावर बसून सांगितलं होतंस. आम्ही तिचा कप वेगळा ठेवला होता गं."

"इतकं जुनं कोण लक्षात ठेवतं?" चारुशीलाबाई म्हणाल्या.

"जिला धाप लागते ती ठेवते," मी म्हटलं.

त्यांना माझ्याशी बोलायचंच नव्हतं. त्यांनी पाठ फिरवून सगळ्यांसमोर पॉलिशवाल्याला फोन लावला. उद्या दहाला ये, मशीन घेऊन ये, काहीही कर. बायका चपला शोधायला लागल्या. मी कागद परत घेतला आणि निघाले. पुढच्या महिन्यात त्या कॉलनीतली माझी तीन कामं गेली, हेही सांगून टाकते. मालन म्हणाली ते खोटं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तशीच आईकडे गेले. खाटेजवळ बसून सगळं सांगितलं, अगदी सोवनीकाकूंनी चष्मा लावला इथपर्यंत. आई भिंतीला टेकून ऐकत होती. मला वाटलं होतं ती म्हणेल, बरं केलंस. किंवा रागावेल तरी.

"ती काय म्हणली? परत सांग."

"मी सांगितलं होतं, म्हणाली."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत. वीसबावीस जणी होत्या."

आई भिंतीपासून सरळ झाली. मग म्हणाली, "फरशी कायमची गेली का गं?"

"नाही. मशीननं घासून पॉलिश केली की येते परत. उद्या दहाला येणार आहे माणूस. दोन दिवसांचं काम."

"म्हंजे तिची चकाकी परत येणार."

"हो."

"दोन दिवसांत."

जिंकून आल्याचा जो काही ताठा होता तो तिनं दोन शब्दांत उतरवला. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि पाय खाटेखाली सोडले.

"उद्या मला तिथं घिऊन चल. त्यो मानूस यायच्या आत."

"कशाला, आई? तुला पायऱ्या चढवणार नाहीत."

"व्हय, न्हाईच चढवणार," आई म्हणाली. "म्हणून तर चल म्हणते."

सकाळी पावणेदहाला रिक्षा बंगल्यासमोर थांबली. फाटकापासून दारापर्यंत सात पायऱ्या आहेत. मी हात पुढं केला, तिनं तो बाजूला सारला. दोन पायऱ्या चढून थांबली. मग दोन, मग थांबली. वर पोचेपर्यंत तिच्या छातीतून आवाज यायला लागला होता, भाता फाटलेल्या पेटीतून येतो तसा. मी बेल वाजवली.

दार चारुशीलाबाईंनीच उघडलं. आधी मला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी आईकडे बघितलं, आणि बघतच राहिल्या.

"हौसा?"

आईला बोलता येत नव्हतं. ती त्यांच्या बाजूनं आत गेली, आंधळ्या फरशीवरून चालत हॉलच्या मधोमध आली आणि सोफ्यावर बसली. चार वर्षं या घरात ती स्वयंपाकघराच्या दाराशी जमिनीवर बसून चहा प्यायची. मी तिला खुर्चीवर कधी बघितलेलं नव्हतं. दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून, खांदे वर खेचून ती श्वास घ्यायला लागली. मोठं घर, उंच छत, सामान थोडं. तो आवाज सगळीकडे जात होता.

"पाणी आणू?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"धाप लागली असताना पाणी पिता येत नाही तिला," मी सांगितलं.

"डॉक्टरांना फोन करते."

आईनं तळहात वर केला. नको.

चारुशीलाबाई माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "किती वेळ चालतं हे?"

"पायऱ्या चढल्या की अर्धा तास."

"नेहमी?"

"सतरा वर्षं."

त्या स्वयंपाकघराकडे जायला वळल्या. तेव्हा आईच्या तोंडून पहिले शब्द आले, तुटक, दोन श्वासांत. "बसा की, वैनी."

त्या परत आल्या आणि समोरच्या खुर्चीवर टेकल्या. आईनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती फरशी बघत होती. मी दाराशी उभी होते, काल जिथं उभी होते तिथंच, आणि आज माझं काहीच काम नव्हतं.

दहाला पॉलिशवाला आला. त्यानं मशीन पायऱ्यांवरून ओढत वर आणलं, दारात ठेवलं, आणि आत डोकावला.

"मॅडम, सुरू करू? सामान सरकवायला लागेल. ह्या मावशींना जरा बाजूला…"

"थांब," चारुशीलाबाई म्हणाल्या.

"किती वेळ?"

त्यांनी आईच्या वरखाली होणाऱ्या खांद्यांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "अर्धा तास," त्या म्हणाल्या.

पॉलिशवाला पायरीवर बसला. चारुशीलाबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. तो आवाज त्यांना ऐकावा लागला, सगळा. वीसएक मिनिटांत आईची धाप खाली बसली, इतकी वर्षं ऐकलेली असल्यामुळं ते मला लगेच कळलं. आता ती उठून चालू शकली असती.

आई उठली नाही. घड्याळाकडे बघत, मुद्दाम खांदे वर खेचत तिनं पुढची दहा मिनिटंही त्यांना तो आवाज ऐकवला.